कुलूप नको, विहीर खोदा

‘स्टेम सेलने एचआयव्हीपासून कायमची सुटका’ अशी एका क्लिनिकची जाहिरात या आठवड्यात वाचकांनी मला पाठवली. वर ठळक अक्षरांत ‘जीन थेरपी’, खाली मोबाइल नंबर. वाचून संताप आला. एचआयव्हीवर असा एकही उपचार आज मंजूर नाही. जे आहे ते चाचण्यांत आहे. जाहिरातीला भुलून कुणी विषाणूला दाबून ठेवणाऱ्या एआरटीच्या गोळ्या थांबवल्या, तर दबून बसलेला विषाणू बहुधा काही आठवड्यांतच उसळतो. तेव्हा गोळ्या सोडू नका.

चाचण्यांत काय दिसलं, हेही सांगायला हवं. पेशीत जनुक पोचवणारं वाहन म्हणजे व्हेक्टर, आणि लेंटिव्हायरल व्हेक्टर म्हणजे पांगळा केलेला एचआयव्हीच. कॅलिफोर्नियातल्या सिटी ऑफ होपमधल्या संशोधकांनी तो एचआयव्हीविरुद्धच वापरला. त्या प्रयोगाचे निष्कर्ष २०१० साली प्रसिद्ध झाले. रुग्ण चौघे, सगळ्यांना एड्ससोबत लिम्फोमा हा कर्करोग. केमोथेरपीनंतर त्यांच्याच मूळपेशी (स्टेम सेल) त्यांना परत द्यायच्या होत्याच. त्यांतल्या काही पेशींत तीन जनुकीय हत्यारं भरली. त्यांतलं एक विषाणू शिरतो ते सीसीआर५ नावाचं दार पेशीवर बनूच नये यासाठी होतं. पेशी रुजल्या, दोन वर्षांपर्यंत रक्तात सापडतही राहिल्या. पण त्यांचं प्रमाण एक टक्क्याच्याही बरंच खाली राहिलं.

आता वेल्लोर पाहा. तिथल्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमध्ये डॉ. आलोक श्रीवास्तव आणि सहकाऱ्यांनी गंभीर हिमोफिलिया ए असलेल्या पाच जणांवर उपचार केले, त्यांचे निष्कर्ष डिसेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध झाले. व्हेक्टर त्याच जातीचा, पेशी त्याच, रुग्णाच्या स्वतःच्या. या आजारात रक्त गोठवणारं फॅक्टर आठ हे प्रथिन कमी पडतं. त्यांतल्या दोघांच्या रक्तातला फॅक्टर आठ सामान्य पातळीच्या जेमतेम काही टक्क्यांपर्यंतच चढला. तरीही पाठपुराव्याच्या काळात पाचांपैकी एकालाही रक्तस्राव झाला नाही.

एकच साधन, मग फळ इतकं वेगळं का? फॅक्टर आठ पेशीतून बाहेर पडतो आणि रक्तातून सगळ्या शरीराला मिळतो. एका घराने विहीर खोदली की आळीला पाणी मिळतं. सीसीआर५ बंद करणं म्हणजे आपल्या दाराला कुलूप लावणं. शेजारचं घर उघडंच राहतं. शंभरातल्या एकाही घराला धड कुलूप नसेल, तर चोराचं काय अडतं? बर्लिनचा रुग्ण टिमथी ब्राउन बरा झाला, कारण त्याची जवळजवळ सगळी रक्तनिर्मितीच सीसीआर५ नसलेल्या दात्याच्या पेशींनी बदलली होती. त्यासाठी ल्युकेमियाचं निमित्त होतं. रोजच्या गोळीवर धडधाकट असलेल्या माणसाला तेवढ्या जोखमीत ढकलणं मला मान्य नाही.

म्हणून एचआयव्हीतही पेशीला विहीर खोदायला लावली पाहिजे. विषाणूच्या अनेक प्रकारांना रोखणारे प्रतिपिंड तिने रक्तात सोडावेत. ही नुसती कल्पना नाही. अमेरिकेत एचआयव्ही असलेल्या आठ जणांच्या स्नायूंत एएव्ही या दुसऱ्या विषाणूपासून बनवलेल्या व्हेक्टरने अशा प्रतिपिंडाचं जनुक पोचवलं. आठही जणांच्या रक्तात प्रतिपिंड आढळला, चौघांत तो तीन वर्षांपर्यंत टिकला. काहींच्या शरीराने त्याच्याविरुद्धच प्रतिकार उभा केला, हा अडथळा खरा आहे. तरी दिशा हीच.

आणि पुन्हा माझा जुना आग्रह: व्हेक्टर सरकारी खर्चाने इथेच बनले पाहिजेत. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियलच्या संशोधकांनी घडवलेल्या नेक्सकार१९ या कर्करोगावरच्या उपचारातही लेंटिव्हायरल व्हेक्टरच आहे. २०२३ साली तो मंजूर झाला, परदेशी उपचारांच्या साधारण दहाव्या हिश्शाच्या किमतीत. पुण्यात तर एएव्हीवर बेतलेल्या एचआयव्ही लशीची चाचणी राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थेत (नारी) २००५ सालीच सुरू झाली होती. अनुभव आहे, माणसं आहेत, देशात एचआयव्हीचे पंचवीस लाखांच्या घरात रुग्ण आहेत. प्रतिपिंड सोडणाऱ्या मूळपेशींचं काम पुण्यात सुरू करा आणि त्यासाठी येत्या अर्थसंकल्पात स्वतंत्र तरतूद करा.