बटरफ्लाय म्हणजे रेस्ट डे नव्हे!

मंडळी, लांब पल्ल्याचं पळणाऱ्यांच्यात एक वाक्य अगदी वेदवाक्यासारखं चालतं. "रविवारी लाँग रन झाला ना? मग सोमवारी पोहून घ्या, पाय मोकळे होतात." संथ फ्रीस्टाइलपुरतं ठीक आहे हो. पण हाच सल्ला बटरफ्लाय शिकणाऱ्यालाही सर्रास दिला जातो, आणि तिथे माझी सटकते.

बटरफ्लाय ही काय चीज आहे ते आधी बघा. १९३०च्या दशकात ब्रेस्टस्ट्रोकच्या नियमांतली पळवाट शोधून लोक दोन्ही हात पाण्यावरून पुढे फेकू लागले. १९५२ साली तो वेगळा प्रकार ठरला आणि १९५६च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये त्याच्या स्वतंत्र शर्यती झाल्या. हातांच्या एका फेऱ्याला पायांचे दोन फटके. एक हात पाण्यात शिरताना, दुसरा हात बाहेर पडताना. ही वेळ चुकली की मग ताकद कितीही लावा, माणूस जागच्या जागी धडपडत राहतो. म्हणजे हा टायमिंगचा खेळ, आणि दमलेल्या शरीरात सगळ्यात आधी बिघडतं ते टायमिंगच!

त्यात घोट्याची भानगड वेगळीच. पळताना घोटा स्प्रिंगसारखा ताठ लागतो. बटरफ्लायला तोच घोटा सैल हवा, पाऊल माशाच्या शेपटीसारखं मागे ताणलं गेलं पाहिजे. आदल्या दिवशी २५ किलोमीटर पळून पोटऱ्या आखडलेल्या असताना हे कसं जमायचं? मग कंबर बुडते, गुडघ्यातून लाथा झाडल्या जातात, श्वासासाठी मान उंटासारखी वर येते. आणि याला आपण सराव म्हणतो. सराव आहेच तो, पण वाईट बटरफ्लायचा. शरीर फार इमानदार असतं, जे घोटवाल तेच शिकतं. रात्री दोनला लिहिलेल्या कोडसारखं आहे हे. निस्तरायला दुप्पट वेळ जातो.

दुसऱ्या बाजूचे लोकही काही कमी नाहीत. पोहणारे म्हणतात, "दोन दगडांवर पाय ठेवू नका, पळणं सोडा." का म्हणून? भांडण वेळेचं नाहीच, क्रमाचं आहे. आठवड्यातून दोनदा, समजा मंगळवारी आणि शुक्रवारी, ताजेतवाने असताना बटरफ्लाय आधी करा. २५ मीटरचे आठ हेलपाटे, मधे श्वास जागेवर येईपर्यंत थांबा, स्ट्रोक मोडला की त्या दिवसापुरतं बंद. वीस-पंचवीस मिनिटांत काम होतं. संध्याकाळी हवं तर हलकं पळा. लाँग रनच्या दुसऱ्या दिवशी मात्र निवांत फ्रीस्टाइल, फार तर बॅकस्ट्रोक.

खरी अडचण वेगळीच आहे. आपल्याला किलोमीटर मोजायची सवय लागली आहे. पंचवीस मिनिटांत फक्त २०० मीटर, हा आकडा घड्याळात अगदीच केविलवाणा दिसतो. कौतुक कोण करणार? म्हणून मग दमून, मोडक्या स्ट्रोकने का होईना, हजार मीटर उरकायचे. पंचविशीनंतर नवं काही शिकणं म्हणजे जणू कॅलरी जाळण्याचा आणखी एक मार्ग! अहो, शिकणं आणि घाम गाळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. घाम पळताना भरपूर गाळता येतो. आठवड्यातला थोडा ताजा वेळ शिकण्यासाठी राखून ठेवा की.

असो. बाकी ज्याचे पाय, ज्याचे खांदे!