पेटी भिंतीवर आहे, पण पेटीत काय आहे?

मंडळी, आज जरा स्पष्टच लिहितो. राग आला तर येऊ द्या.

आपल्याकडे प्रथमोपचार पेटी ही वापरायची वस्तू राहिलेलीच नाही, ती दाखवायची वस्तू झालीय. शाळेत तपासणीसाठी, कारखान्यात ऑडिटसाठी, सोसायटीत एकदा कुणीतरी ठराव केला म्हणून. वर लाल फुली, खाली कुलूप, आणि किल्ली ज्याच्याकडे तो नेमका रजेवर.

गेल्या लग्नसराईत एका मंगल कार्यालयात आचाऱ्याच्या हाताखालच्या पोराच्या हातावर उकळतं तेल उडालं. मनगटापासून कोपरापर्यंत. कुणी टूथपेस्ट फासली, कुणी हळद दाबली, कुणी बर्फ चोळला. नळ चार पावलांवर होता, तिकडे कुणी नेलं नाही. पेटी आणली तर आत सुकलेली आयोडिनची बाटली, सुटा कापूस आणि उदबत्तीचा पुडा! दवाखान्यात डॉक्टरांना आधी तो सगळा लेप काढावा लागला. भाजताना ओरडला नसेल इतका तो पोरगा तेव्हा ओरडला. त्या कार्यालयाचं एका दिवसाचं भाडं विचारून बघा, आणि मग सांगा हजार-दीड हजाराची पेटी परवडत नाही म्हणून.

आता काही जण म्हणणार, 'आमच्या आजीने हळदच लावली, आम्ही मेलो का?' अहो, हळदीशी भांडण नाही. पण डब्यातली हळद निर्जंतुक नसते, भाजलेली कातडी उघडी असते, आणि लेपाखाली जखम किती खोल आहे ते डॉक्टरला दिसत नाही. टूथपेस्ट, शाई, तूप, बटाटा, सगळ्यांची तीच गत. बर्फाने तर आधीच दुखावलेल्या कातडीला आणखी इजा होते.

भाजल्यावरचं पहिलं औषध म्हणजे साधं गार पाणी. वाहत्या नळाखाली २० मिनिटं, घड्याळ लावून. नळाला पाणी नसेल तर बादली आणि तांब्या. लहान मूल असेल तर भाजलेला भाग गार करा, बाकी अंग पांघरुणात ठेवा. अंगठी, बांगड्या, घड्याळ सूज यायच्या आत काढा. चिकटलेला कपडा ओढू नका. फोड फोडू नका. मग स्वच्छ, न चिकटणारी पट्टी सैलसर ठेवा आणि निघा. चेहरा, हात, सांधा, लहान मूल किंवा विजेने भाजलेलं असेल तर 'बघू उद्या' नाही, लगेच दवाखाना. विजेचं असेल तर हात लावायच्या आधी मेन स्विच बंद.

जखमेचंही तसंच. रक्त वाहतंय तर स्वच्छ कापड ठेवून १० मिनिटं सलग दाबून धरा, दर मिनिटाला उचलून बघू नका. आत काच किंवा सळई रुतली असेल तर उपसू नका, तिच्या बाजूने दाबा. किरकोळ खरचटलं तर साबण-पाण्याने धुवा. कापूस थेट जखमेवर नको, त्याचे धागे चिकटतात. आणि धनुर्वाताच्या इंजेक्शनचं डॉक्टरांना विचारा. मोठा प्रसंग असेल तर १०८ आहेच, पण ती गाडी येईपर्यंतची मिनिटं आपलीच असतात.

हे काही नवीन शहाणपण नाही. १९४८च्या कारखाने कायद्याच्या कलम ४५ मध्ये लिहिलं गेलं, की दर १५० कामगारांमागे किमान एक पेटी हवी, ठरलेल्या सामानाशिवाय तिच्यात दुसरं काहीही ठेवायचं नाही, आणि ती प्रथमोपचाराचं प्रमाणपत्र असलेल्या माणसाच्या ताब्यात हवी, जो कामाच्या वेळेत हजर असेल. म्हणजे उदबत्तीच्या पुड्याचा आणि रजेवरच्या किल्लीचा विचार तेव्हाच झाला होता! आपण फक्त डबा लक्षात ठेवला.

म्हणून माझी मागणी साधी आहे. शाळा, मंगल कार्यालयं, गणेश मंडळं, सोसायट्या, वर्कशॉप, सगळ्यांनी पेटीचं कुलूप काढावं. आत निर्जंतुक गॉझ, न चिकटणाऱ्या पट्ट्या, बँडेजचे रोल, चिकटपट्टी, सलाइनची बाटली, आयोडिन, हातमोजे, बोथट टोकाची कात्री आणि चिमटा असावा. झाकणाच्या आत सामानाची यादी, मुदतीच्या तारखा आणि जबाबदार माणसाचा फोन नंबर लिहावा. दर ३ महिन्यांनी तपासणी व्हावी. मंडळांनी डीजेच्या खर्चातून एवढे पैसे काढले तर बाप्पा रागावणार नाही.

नगरसेवकाला, मुख्याध्यापकाला, सोसायटीच्या सेक्रेटरीला विचारायला लाजू नका. 'पेटी आहे का?' असं विचारू नका, त्यावर 'आहे' असंच उत्तर येतं. 'उघडून दाखवा' म्हणा.

आणि सुरुवात घरातून. आज रात्री आपापली पेटी उघडा, काय निघालं ते खाली कमेंटमध्ये लिहा. ज्यांच्याकडे पेटीच नाही, त्यांनीही लिहा.