शेलापागोटी पुरेत

आधीच सांगून टाकतो की मी कॉलेजात गेलेलो नाही. मॅट्रिक झालो (आता त्याला दहावी म्हणतात, पण आमच्या वडिलांनी शेवटपर्यंत 'पोरगा मॅट्रिक झाला' असेच सांगितले), चित्रकलेच्या परीक्षा दिल्या आणि शाळेत चिकटलो. तेव्हा कॉलेजच्या गोष्टीत या मास्तराने नाक का खुपसावे, असे कोणी विचारील तर ते रास्त आहे. पण दरवर्षी माझ्या हाताखालून गेलेली पोरे त्या दारात शिरतात, आणि ती तिथून कशी परततात हे मी सानपाड्याच्या स्टेशनात उभा राहून पाहतो. आणखीही एक कारण आहे. ते जरा लाजिरवाणे आहे, ओघाने येईल.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. स्नेहसंमेलनाच्या आठवडाभर आधी जिन्याखाली पुठ्ठ्याची पेटी ठेवतात. तीत कोणीही, कोणाहीविषयी, बिननावाची चिठ्ठी टाकावी. मग भर मंडपात त्या चिठ्ठ्या मोठ्याने वाचल्या जातात आणि ज्याच्या नावाने चिठ्ठी निघाली त्याच्याकडे सगळ्यांनी वळून पाहायचे. याला फिशपाँड म्हणतात. मराठीचा अभिमान बाळगणाऱ्या मंडळींनी याचे नाव शेलापागोटी असे ठेवले आहे. नाव फक्कड आहे. शेला आणि पागोटे ही मानाची वस्त्रे. ती अंगावर घालून माणसाचे उरलेले कपडे फेडण्याची युक्ती मात्र आपलीच.

आमच्या शिक्षकांच्या खोलीतले काही वडीलधारे या सगळ्या बोलीवरच संतापतात. मुले मराठी बिघडवतात, म्हणतात. त्यांच्या बाजूने मी नाही. कॉलेजातली बोली मला मनापासून आवडते. नापास विषय घेऊन पुढच्या वर्गात जाण्याला 'केटी' म्हणतात. आणि ही केटी 'लागते', जशी साडेसाती लागते तशी. विद्यापीठाच्या एका रुक्ष इंग्रजी नियमाला पोरांनी शनीच्या ओळीत नेऊन बसवले! फजिती झाली की 'पोपट झाला'. यात काय वाईट आहे? भाषा जिवंत असल्याची ही खूण आहे. पोपट कोणाचाही होतो. आज माझा, उद्या प्राचार्यांचा.

वाद आहे तो दुसऱ्या जातीच्या शब्दांशी. 'पोपट' माणसाच्या फजितीला चिकटतो आणि दुसऱ्या दिवशी उडून जातो. 'घाटी' माणसाला चिकटतो. 'काकूबाई' मुलीच्या वेणीला चिकटते, आणि वेणी कापली तरी जात नाही. मराठी शाळेतून आलेल्या मुलाला मुंबईच्या इंग्रजी कॉलेजांतून 'व्हर्नॅक' म्हणतात. व्हर्नॅक्युलरचा तो तुकडा. आता गंमत पाहा. त्या शब्दाचे मूळ लॅटिनमधल्या 'वेर्ना'त आहे, आणि वेर्ना म्हणजे मालकाच्या घरात जन्मलेला गुलाम. म्हणणाऱ्याला हे ठाऊक नसते. पण शब्दाला आपले काम अजून आठवते आहे. आमच्याकडच्या एका आगरी मुलाला वर्गात 'साडेबारा' म्हणत. सिडकोच्या शहरासाठी ज्यांच्या जमिनी गेल्या त्यांना साडेबारा टक्के भूखंड मिळतात, म्हणून हा फुकटचा श्रीमंत, असा विनोद. त्या टक्क्यांसाठी १९८४ च्या जानेवारीत जासईच्या बाजूला पाच माणसे पोलिसांच्या गोळ्यांनी मेली, हे त्या वर्गात कोणाला माहीत होते? साडेबारा कोठून आले ते विसरायचे आणि आकडा तेवढा पोराच्या पाठीवर चिकटवायचा.

कोणी म्हणेल, सगळ्या जगात असेच चालते. चालते खरे. अमेरिकेत १७७६ साली 'फाय बीटा कॅपा' नावाची विद्यार्थ्यांची एक मंडळी निघाली, आणि पुढे ग्रीक अक्षरे लावणाऱ्या बंधुमंडळांचे पीकच आले. मुलींची निघाली तेव्हा त्यांच्यासाठी 'सोरॉरिटी' हा शब्द घडवावा लागला. तिथे नव्या उमेदवाराला 'प्लेज' म्हणतात, आणि भाऊ म्हणून घेण्याआधी त्याचा जो छळ होतो त्याला वेगळे नाव आहे. त्या छळात पोरे मेलीही आहेत. १९७८ च्या 'अ‍ॅनिमल हाउस' नावाच्या सिनेमाने त्या दारुड्या भावांचे चित्र जगभर पोचवले, आणि आता तिकडच्या सोज्वळ मुलालाही ते पुसता येत नाही. पण तिथे निदान घर आहे, दारावर अक्षरे आहेत, आत कोण आणि बाहेर कोण हे उघड आहे. आपल्याकडे कट्टा असतो. कट्ट्याला दार नाही, म्हणून सगळे समजतात की तो सर्वांचा आहे.

आणि आपल्याकडे बंधुमंडळे नव्हती असे कोण म्हणतो? शाहू महाराजांनी कोल्हापुरात १९०१ पासून एकेका समाजासाठी वसतिगृहे उघडली. मराठ्यांचे, जैनांचे, मुसलमानांचे. आणि १९०८ साली अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क वसतिगृह. त्या समारंभाला जैन बोर्डिंगातला एक दांडगा विद्यार्थी गेला. परतल्यावर त्याला आंघोळ करून आत ये म्हणून सांगण्यात आले. त्याने ती केली नाही आणि बोर्डिंग सोडावे लागले. तो भाऊराव पाटील. पुढे १९२४ साली साताऱ्यात त्याच माणसाने जे बोर्डिंग काढले त्यात सगळ्या जातींची पोरे एकत्र स्वयंपाक करीत आणि एका पंगतीला बसत. माझे वडील सातारकडचे, माथाडी कामगार. रयतच्या शाळेत चार यत्ता शिकले म्हणून त्यांना पावतीवरचा आकडा वाचता येत असे. बाजारात मुकादम फसवू शकत नाही, एवढीच त्यांची पदवी.

आता त्या मुलीचे सांगतो. तीही माथाडीचीच मुलगी. माझ्या हाताखाली शिकली, अक्षर सुरेख, दहावीला शाळेत दुसरी आली. गेल्या पावसाळ्यात एका शिष्यवृत्तीच्या अर्जावर सही घ्यायला घरी आली. वडिलांचा व्यवसाय या रकान्यात तिने 'व्यापार' लिहिले होते.

"अगं, बाबांनी दुकान टाकलं की काय?"

"नाही सर. असंच."

"माथाडी लिहिलंस तर अर्ज जास्त चालेल."

ती काही बोलली नाही. चहा झाला. जाताना दारात चप्पल घालता घालता म्हणाली, "सर, गॅदरिंगला माझ्यावर फिशपाँड पडला होता. बाजारातून सुटलेली कांद्याची गोणी, हमाल मिळाला नाही म्हणून स्वतःच चालत आली." आणि हसली. "मीपण हसले सर. नाही हसलं तर म्हणतात स्पोर्टिंग नाही."

तिला ठाऊक नव्हते, आणि मी सांगितले नाही, की ते वाक्य माझे आहे.

माझ्या दुसऱ्या कादंबरीत संमेलनाचे एक प्रकरण आहे. कॉलेज न पाहिलेल्या माणसाने ऐकीव माहितीवर आणि सिनेमांवर रचलेले. ते सर्वांत विनोदी म्हणून नावाजले गेले. कॉलेजातली दोन मुले मला स्टेशनात भेटून कौतुकाने म्हणाली होती, "सर, तुमचे फिशपाँड आम्ही पेटीत टाकतो." मी चहा पाजला त्यांना! माथाडीचा मुलगा, आणि माथाडीवर विनोद केला, का? तर कॉलेजवाले हसले की आपणही त्यांच्या कट्ट्यावर बसलो असे वाटे. अमेरिकेतला प्लेज निदान स्वतःच्या अंगावर छडी घेतो. मी बापाच्या पाठीवरची गोणी देऊन प्रवेश मिळवला.

'गंमत असते हो, मनाला लावून घेऊ नये,' हे मला सांगणारे पुष्कळ भेटले. त्यांतले बहुतेक असे, की ज्यांच्या नावाची चिठ्ठी कधी त्यांच्या घरापर्यंत पोचली नाही. चिठ्ठी नाकावर असेल, चालीवर असेल. बापाच्या धंद्यावर नसेल. दुसरे सांगतात, कायदा आहे ना? आहे. महाराष्ट्राने १९९९ साली रॅगिंगविरुद्ध कायदा केला. त्यात चिडवणे, खजील करणे हेही येते, आणि दोन वर्षांपर्यंत कैद आहे. पण पुढच्या रांगेत बसून प्राध्यापक ज्यावर टाळ्या वाजवतात त्याची तक्रार त्या मुलीने कोणाकडे करायची? आणि मला तुरुंग नकोही आहे. विशीच्या आतल्या पोरांना कैदेत टाकून भाषा सुधारत नाही.

माझे मागणे साधे आहे. पेटी राहू द्या. चिठ्ठीखाली नाव लिहा, आणि ज्याने लिहिली त्यानेच मंचावर येऊन, त्या माणसाकडे पाहून ती वाचावी. एका प्राध्यापकांना मी हे सुचवले. ते म्हणाले, "अहो, मग कोणी लिहिणारच नाही." मी म्हटले, "मग काय लिहिले जात होते ते तुम्हीच सांगा." त्यांनी विषय बदलला.

त्या कादंबरीची दुसरी आवृत्ती निघते आहे. मी ते प्रकरण काढून प्रकाशकांकडे पाठवले. त्यांचे पत्र आले की पुस्तक त्याच प्रकरणामुळे खपते, फेरविचार व्हावा. मी उत्तरात चौदा पाने नवी लिहून धाडतो म्हटले आहे. अजून लिहिलेली नाहीत. त्यात ती मुलगी मंडपात बसली आहे, तिचे नाव पुकारले गेले आहे, सगळे वळून पाहत आहेत, आणि ती हसत नाही. इथवर आलो आहे.