चावीचे दात कुणी दाखवले?

३० ऑक्टोबर २०१६ ला लक्ष्मीपूजन होते. त्या रात्री भोपाळच्या मध्यवर्ती तुरुंगातून आठ कच्चे कैदी पळाले. बंदी घातलेल्या सिमी या संघटनेशी संबंध असल्याचा आरोप सगळ्यांवर होता. जाताना त्यांनी हेड कॉन्स्टेबल रमाशंकर यादव यांचा गळा चिरला आणि दुसऱ्या पहारेकऱ्याला बांधून टाकले. पाडव्याची दुपार व्हायच्या आत शहराबाहेरच्या खडकाळ माळावर आठही जण पोलिसांच्या गोळ्यांनी मेले. आठांतला एक आमच्या सोलापूरचा. त्यामुळे ही बातमी सोलापूरकरांसाठी नुसती परमुलखाची राहिली नाही. पाडव्यापासूनच गावात दोन तट पडले आणि आजही विषय निघाला की दोन्ही तट आपापली जुनीच वाक्ये बोलतात.

पहिला तट म्हणतो, अतिरेकी होते, मेले, सुंठीवाचून खोकला गेला. आता मेलेल्यांच्या अंगावर जीन्स कुठून आली, बूट कुठून आले, हे विचारणे म्हणजे त्यांची वकिली. दुसरा तट म्हणतो, जीन्स आणि बूट हाच पुरावा. तुरुंगात असे कपडे येतातच कसे? त्यांना बाहेर काढून, नटवून मारले.

मला दोन्ही तटांचे म्हणणे मान्य नाही. आधी दुसऱ्याचे बघू, कारण त्यात तर्क थोडा तरी आहे.

कच्च्या कैद्याला तुरुंगाचा गणवेश सक्तीचा नसतो. १८९४ चा कारागृह कायदा इंग्रजांचा असला तरी त्याचे ३१ वे कलम या बाबतीत उदार आहे. गुन्हा शाबीत न झालेल्या कैद्याला अन्न, कपडे, अंथरूण-पांघरूण आणि इतर गरजेच्या वस्तू तपासणीनंतर बाहेरून घेता येतात. मुलाखतीला आलेली आई पिशवीतून मुलाचा शर्ट-पँट आणते, ते याच कलमाच्या आधारावर. तेव्हा माळावर पडलेल्या देहांवर टी-शर्ट आणि जीन्स दिसली, एवढ्यावरून चकमक खोटी ठरत नाही. हा मुद्दा टीव्हीवर तावातावाने मांडणाऱ्यांपैकी किती जण कधी तुरुंगाच्या मुलाखतीच्या रांगेत उभे राहिले असतील, कोण जाणे.

चादरींचेही तेच. सरकारने सांगितले की चादरी आणि लाकडे बांधून शिडी केली व भिंत ओलांडली. त्यावर लगेच खिल्ली उडाली: एवढ्या चादरी आणल्या कुठून? आता चादरीचा हिशेब सोलापूरकराला विचारा. साधी एकेरी चादर साठ बाय नव्वद इंचांची, म्हणजे साडेसात फूट लांब. पिळा घालून दुसरीला गाठ मारली की दोन्हीकडचे मिळून दीडेक फूट गाठीत जाते. भिंत तीस फुटांची धरली तरी पाच चादरींत दोर होतो, दहांत शिडीच्या दोन बाजू. आठ जणांकडे अंथरायला एक आणि पांघरायला एक धरली तर सोळा. म्हणजे संख्येत नवल काही नाही. कच्च्या सुताची झिजलेली चादर माणसाचे वजन पेलेल का, असे विचाराल तर पिळा भरला असेल तर पेलते. यंत्रमागावर आयुष्य काढलेला कुठलाही कारागीर हेच सांगेल.

कुलपे टूथब्रशच्या दांड्याच्या चावीने उघडली, असेही सांगण्यात आले. अशी चावी होते का? होते. प्लॅस्टिक गरम केले की वाकते, घासले की झिजते, आणि जुनी कुलुपे फार चोखंदळ नसतात. १९६२ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीतल्या अल्काट्राझ बेटावरून तिघे पळाले. त्यांनी पन्नासाहून जास्त रेनकोट जोडून तराफा केला होता, न्हावीखान्यातले केस लावून खोटी मुंडकी अंथरुणात ठेवली होती आणि भिंत पोखरायला एका यंत्राच्या मोटरीची गिरमिट बनवली होती. तुरुंगात माणसाकडे दुसरे काही नसले तरी वेळ मुबलक असतो. तेव्हा ‘हे शक्यच नाही’ या मुद्द्यावर सरकारी कथन पाडायला जाल तर तोंडघशी पडाल.

पण शक्य होते एवढ्याने ते कसे घडले हे कळत नाही, आणि खरा प्रश्न तिथूनच सुरू होतो. चावी टूथब्रशची असेल, पण तिचे दात कुणी दाखवले? मूळ चावी कुणीतरी न्याहाळली असली पाहिजे. नाहीतर घासून, लावून, पुन्हा घासून असे अनेक प्रयोग झाले असले पाहिजेत. पहिले खरे असेल तर आतला माणूस शोधावा लागतो. दुसरे खरे असेल तर कैदी वारंवार कुलपाशी खटपट करत होते आणि रोजची झडती फक्त वहीत होत होती. शिडीतल्या चादरींपेक्षा मला त्यातल्या लाकडांचे कोडे मोठे वाटते. चादर प्रत्येकाकडे असते; लाकूड कोठडीत कशाला असते? कपडे कायद्याने मिळतात, पण पायात बूट आणि मनगटावर घड्याळे दिसली, ती कुठल्या झडतीतून सुटली? स्टीलच्या ताटाला धार लावून शस्त्र केले असे सांगण्यात आले. फरशीवर ताट घासल्याचा आवाज रात्रीच्या बराकीत किती दूर जातो, हे तुरुंगात राहिलेल्या कुणालाही विचारा. शिवाय बूट आणि घड्याळे पळाल्यावर बाहेरून मिळाली असतील, तर दिवाळीच्या पहाटे ती घेऊन उभा असलेला साथीदार कोण?

आता पहिल्या तटाकडे वळतो. हे प्रश्न विचारणे म्हणजे अतिरेक्यांची वकिली, असे म्हणणाऱ्यांना मी एकच नाव परत सांगतो: रमाशंकर यादव. घरात मुलीच्या लग्नाची तयारी सुरू होती आणि सणाच्या रात्री हा माणूस ड्युटीवर होता. धार लावलेले ताट झडतीत सापडले असते, कुलूप उघडले नसते, तर यादव पाडव्याला घरी गेले असते. ज्या कुणी ते सामान आत येऊ दिले, बनू दिले किंवा बघून न बघितल्यासारखे केले, त्याचा या खुनात वाटा आहे. तो वाटा कुणाचा, हे विचारणारा मेलेल्या आठांचा वकील कसा होतो? तो यादवांचा वकील आहे. उलट ‘संपले, विसरा’ म्हणणाराच नकळत त्या कुणाला तरी पाठीशी घालतो.

दुसरे असे की हाच प्रकार एकदा होऊन गेला होता. १ ऑक्टोबर २०१३ ला खांडव्याच्या तुरुंगातून न्हाणीघराची भिंत फोडून कैदी पळाले होते आणि भोपाळच्या आठांपैकी काही जण त्यांतलेच होते. पळून जाण्याचा अनुभव गाठीशी असलेली माणसे पुन्हा पकडून आणली, आयएसओ प्रमाणपत्र मिरवणाऱ्या तुरुंगात ठेवली, आणि तिथूनही ती गेली. पहिल्या वेळी ‘सामान कुठून आले’ याचा छडा नीट लागून त्यावर इलाज झाला असता, तर दुसरी वेळ आली असती का?

मग दोन्ही तट चुकले ते नेमके कुठे? दोघांनीही तुरुंगाचा प्रश्न चकमकीच्या प्रश्नात बुडवून टाकला. चकमक योग्य म्हणणाऱ्याला वाटते तुरुंगाचा प्रश्न मिटला. ती खोटी म्हणणाऱ्याला तुरुंगाचा प्रश्न फक्त चकमक खोटी ठरवण्यापुरता हवा असतो. सरकारी अधिकाऱ्यांनीही गोंधळात भर घातली. एका वरिष्ठ पोलिस अधिकाऱ्याने पळालेल्यांकडे गावठी कट्टे होते म्हणून सांगितले, तर दहशतवादविरोधी पथकाच्या प्रमुखांनी त्यांच्याकडे बंदुका नव्हत्या असे सांगितले. पुढे निवृत्त न्यायमूर्ती एस. के. पांडे यांचा आयोग नेमला गेला. त्याचा अहवाल २०१८ मध्ये मध्य प्रदेश विधानसभेत आला आणि पोलिसांनी केलेला बळाचा वापर अपरिहार्य व वाजवी होता, हा त्यातला निष्कर्ष बातम्यांत गाजला. चकमकीतल्या प्रत्येक मृत्यूची स्वतंत्र चौकशी झालीच पाहिजे, हा सर्वोच्च न्यायालयाचा २०१४ चा आदेश महाराष्ट्रातल्याच प्रकरणात दिलेला आहे, तेव्हा ती चौकशी होणे कायद्यालाही हवेच होते. पण चौकात कुणी विचारले तर लोकांना आठवतो तो चकमकीचा निकाल. चावीचा, लाकडाचा, घड्याळाचा निकाल कुणाच्या ओठांवर नाही.

माझे म्हणणे असे आहे. आयोगाचा चकमकीवरचा निष्कर्ष जसाच्या तसा मान्य केला, तरी त्या दिवशी माळावर पोलिसांच्याच हातून एक मोठी गोष्ट गेली, ती म्हणजे साक्ष. तुरुंग फोडल्याचा तपास जिवंत सापडलेल्या माणसामुळे लागतो, हा जगभरचा अनुभव आहे. अल्काट्राझचे तिघे कधीच सापडले नाहीत, पण भोक मोठे न झाल्याने चौथा मागे राहिला आणि त्याने रेनकोटपासून गिरमिटापर्यंत सगळे सांगितले. १९८६ च्या मार्चमध्ये तिहारच्या पहारेकऱ्यांना गुंगीची मिठाई खाऊ घालून चार्ल्स शोभराज पसार झाला. तीनेक आठवड्यांत मुंबई पोलिसांच्या मधुकर झेंडे यांनी त्याला गोव्यात एका हॉटेलात जिवंत धरले.

सगळ्यात बोलके उदाहरण न्यूयॉर्क राज्यातल्या डॅनेमोरा गावच्या तुरुंगाचे. ६ जून २०१५ ला रिचर्ड मॅट आणि डेव्हिड स्वेट हे दोन खुनी तिथून भिंत आणि पाइप कापून पळाले. तीन आठवडे जंगल पिंजून काढल्यावर मॅट गोळीबारात मेला. दोन दिवसांनी स्वेटलाही गोळ्या लागल्या, पण तो जगला आणि बोलला. तपासात उघड झाले की तुरुंगातल्या शिवणकामाच्या खात्यावर देखरेख करणाऱ्या जॉइस मिचेल या बाईने करवतीची पाती आणि गिरमिटाची टोके गोठवलेल्या खिम्यात लपवून आत पाठवली. खिम्याचा गोळा एका पहारेकऱ्याने, आत काय आहे हे न बघता, कैद्यांच्या हातात दिला. राज्याच्या महानिरीक्षकांनी वर्षभराने दीडशे पानांचा अहवाल काढला. त्यात या बाईपेक्षा जास्त झोड उठवली ती रोजच्या कामावर: कर्मचाऱ्यांच्या पिशव्या दारात तपासल्या जात नव्हत्या, रात्रीची मोजणी धड होत नव्हती, कोठड्यांची झडती वरवरची होती. मिचेलबाई तुरुंगात गेली आणि पहारेकऱ्यावरही खटला झाला. सामानाचा प्रश्न असा तडीस लागतो.

आपल्याकडे नागपूरचे बघा. ३१ मार्च २०१५ च्या पहाटे मध्यवर्ती कारागृहातून पाच कैदी खिडकीचे गज कापून, चादरी बांधून, भिंतीवरून गेले. गज दाताने कापला जात नाही, त्यामुळे पाते आले कुठून हा प्रश्न पहिल्याच तासात उभा राहिला. अधीक्षकांसह अनेक जण निलंबित झाले आणि नंतरच्या झडत्यांत बराकींतून मोबाइल निघाले. निलंबन ही शिक्षा झाली, उत्तर नव्हे. कोल्हापूरच्या कळंबा कारागृहात चेंडूत गांजा भरून भिंतीवरून आत फेकल्याच्या बातम्या येतच असतात. वस्तू आत जाण्याच्या वाटा साऱ्यांना ठाऊक आहेत: मुलाखतीची खिडकी, कोर्टाच्या तारखेचा दिवस, भिंतीवरून फेक आणि खाकीचा खिसा. बंदी असलेली वस्तू आत नेणाऱ्याला मूळ १८९४ च्या कायद्यात शिक्षा किती? सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोनशे रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. त्या काळी दोनशे रुपये म्हणजे मोठी रक्कम होती, हे खरे.

इथे कुणीतरी सांगलीचे नाव काढणारच. २४ जुलै १९४३ ला वसंतदादा पाटील आणि त्यांचे साथीदार सांगलीचा तुरुंग फोडून निघाले. अण्णा पत्रावळे आणि बाबूराव जाधव त्यात हुतात्मा झाले, दादांच्या खांद्यात गोळी शिरली. ती शौर्यकथा आणि भोपाळचा गुन्हा यांची तुलना मी करत नाही. माणसे वेगळी, हेतू वेगळा. पण एक बाब ध्यानात घ्या. सांगलीच्या बंदुका कुठून आल्या हे कुणाला विचारावे लागत नाही. पहारेकऱ्यांच्याच हिसकावल्या होत्या, आणि वाचलेल्यांनी ते पुढे सांगितले. सोलापूरला तर सरकारी कथन तपासून घ्यायला कुणी शिकवायला नको. १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी गेलेले आमचे चार हुतात्मे सरकारी कागदात पोलिसांचे खुनी होते.

मग करायचे काय? मेलेले आठ बोलणार नाहीत, पण वह्या बोलू शकतात. मुलाखतीची नोंदवही, झडतीची नोंदवही, चावी रात्री कुणी जमा केली आणि सकाळी कुणी उचलली त्याची सही, कोठडीत दिलेल्या वस्तूंची यादी. बाजूच्या कोठड्यांतले कैदी आहेत, त्या महिन्यातली ड्युटी लावणारे अधिकारी आहेत. हे सगळे एका जागी मांडून सामानाच्या एकेका नगाचा माग काढणे हे तुरुंगखात्याचे काम आहे, आणि तो माग लोकांपुढे ठेवणे हे सरकारचे.

‘तुरुंगात माणसे कमी आहेत, कैदी जास्त आहेत’ हे कारण पुढे येईल. ते खोटे नाही, आपले बहुतेक तुरुंग क्षमतेपेक्षा जास्त भरलेले असतात. पण माणसे कमी असल्याने झडती राहिली असेल, तर त्या दिवसाच्या वहीत ‘झडती झाली नाही’ असे लिहिलेले सापडले पाहिजे. सापडते का? दुसरे कारण गुप्ततेचे: सगळे उघड केले तर पुढच्या कैद्याला वाट कळेल. डॅनेमोराचा अहवाल खिम्यासकट कुणालाही वाचता येतो; तो छापल्याने न्यूयॉर्कचे तुरुंग ओस पडले नाहीत. आणि भोपाळमध्ये ती वाट कैद्यांना आपल्या आधीच सापडली होती. ती आता यादवांच्या जागी रात्रपाळीला उभ्या असलेल्या शिपायाला तरी कुणी सांगितली आहे का?