तिकिटावर जात छापत नाहीत



14 एप्रिलला तुम्ही बाईक रॅली काढलीत. मारुती मंदिर ते जयस्तंभ. सायलेन्सर काढून. मीही टाळ्या पिटल्या. त्याच टायमाला माझी आये स्टँडवर दोन तास यष्टीची वाट बघत होती. रॅलीला यायचं होतं तिला.

गाडीवर बसू नका, असं मी म्हणत नाही. तो उपदेश आपल्याला नको. 1901 साली मसूर स्टेशनावर पोरवयाच्या भीमरावाला महार म्हणून एक गाडीवान घेईना. शेवटी दुप्पट भाडं मोजलं, तरी गाडी पोरांनीच हाकायची! 1929 ला, बॅरिस्टर झाल्यावर, चाळीसगावच्या टांगेवाल्यांनी तेच केलं. मग आपल्याच एका नवख्या माणसानं टांगा हाकला. बाबासाहेब खाली फेकले गेले, पाय मोडला.

म्हणून आपल्या पोराच्या बुडाखाली गाडी आली की गावाच्या पोटात दुखतं. दुखू दे! पण गाडी असते खिशात पैसा असणाऱ्याची. सगळ्यांची ती यष्टी. 1 जून 1948 ला पहिली धावली, पुणे-अहमदनगर. तिकीट काढलं की सीट आपली. तिकिटावर जात छापत नाहीत. 1927 ला महाडला आपण तळ्यात उतरलो ते कशासाठी? सार्वजनिक म्हणजे सगळ्यांचं, हे ठणकावून सांगायलाच ना? मग सार्वजनिक गाडी डोळ्यांदेखत मरते, तेव्हा आपली दातखीळ का बसते?

मुंबई-गोवा महामार्गाचं चौपदरीकरण 2011 ला सुरू झालं. डोंगर फोडले, पैसा ओतला. आणि आमची वस्तीची गाडी बंद! म्हणे, प्रवासी नाहीत. गाडीच येत नाही तर प्रवासी काय फणसाला लागतील? बौद्धवाडी कायम गावाच्या टोकाला. फाट्यापासून चार किलोमीटर. शाळेच्या पोरी रस्त्याच्या कडेनं जीव मुठीत धरून चालतात. चालायला पट्टी नाही, सायकलला जागा नाही. कोणी उडवलं तर चूक चालणाऱ्याची.

17 मार्च 2023 पासून बायांना अर्धं तिकीट. चांगलं झालं. पण न येणाऱ्या गाडीचं अर्धं तिकीट काय चुलीत घालायचं?

तेव्हा पुढच्या 14 एप्रिलला पेट्रोल जाळू नका. चालत या, सायकली काढा. वाडीवाडीतनं सह्या आणा. वस्तीची गाडी आणि चालायला रस्ता, एवढं मागत डेपोच्या दारात बसू.

आये सीटवर बसून जयंतीला येईल, तेव्हा रॅली काढू. सायलेन्सर मात्र जाग्यावर ठेवा.