टाचेची शीर तुटल्यावर : ऑपरेशनला पैसे आहेत, मग व्यायामाला का नाहीत?

बॅडमिंटन किंवा टर्फवरचे क्रिकेट खेळताना टाचेच्या वर अचानक ‘फट्’ असा आवाज येतो. मागून कुणीतरी लाथ मारली असे वाटते. वळून पाहावे तर मागे कुणीच नसते. ही हकीकत सांगणारा रुग्ण बहुधा तिशी ते पन्नाशीतला असतो. आठवडाभर खुर्चीत बसून रविवारी मैदानात उतरणारा. त्याची अकिलिस कंडरा तुटलेली असते. पोटरीच्या स्नायूंना टाचेच्या हाडाशी जोडणारी ही दोरी शरीरातली सर्वांत जाड आणि मजबूत कंडरा आहे. बोलीभाषेत तिला ‘टाचेची शीर’ म्हणतात, पण ती रक्तवाहिनीही नाही आणि नसही नाही. चालताना टाच उचलून शरीर पुढे ढकलणे हे तिचे काम.

निदान झाल्यावर रुग्णाचा आणि घरच्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : “डॉक्टर, ऑपरेशन करावंच लागेल का?” प्रश्न योग्यच आहे. पण माझे स्पष्ट मत असे, की या एका प्रश्नावर आपण सगळी चर्चा संपवतो आणि पाय खरोखर कशाने बरा होणार आहे, ते विचारायचे राहूनच जाते.

आधी निदान वेळेवर हवे

कंडरा पूर्ण तुटली तरी माणूस लंगडत चालू शकतो, कारण पाऊल हलवणारे दुसरे स्नायू शाबूत असतात. म्हणून ‘लचक भरली असेल’ असे समजून शेक आणि मालिश सुरू होते. कृपया असे करू नका. डॉक्टर तुम्हाला पालथे झोपवून पोटरी दाबून पाहतात. कंडरा शाबूत असेल तर पाऊल खाली झुकते, तुटली असेल तर सहसा हलत नाही. अगदी साधी तपासणी आहे. शंका राहिल्यास सोनोग्राफी किंवा एमआरआय करता येतो. महिना-दीड महिना वाया गेला तर तुटलेली टोके लांब जातात आणि उपचार अवघड होतात.

ऑपरेशन की विनाऑपरेशन?

नॉर्वेमध्ये ५२६ रुग्णांवर झालेला एक मोठा अभ्यास २०२२ साली प्रसिद्ध झाला. वर्षभरानंतर पायाच्या कामात ऑपरेशन झालेले आणि न झालेले यांच्यात लक्षणीय फरक दिसला नाही. कंडरा पुन्हा तुटण्याचे प्रमाण मात्र ऑपरेशनशिवाय ६.२ टक्के, तर ऑपरेशननंतर ०.६ टक्के होते. उलट नसेला इजा होण्याचे प्रमाण ऑपरेशन झालेल्यांत जास्त होते. म्हणजे दोन्ही मार्गांना फायदे-तोटे आहेत. तुमचे वय, खेळ, मधुमेह, तंबाखूचे व्यसन हे सगळे पाहून निर्णय घ्यावा. पण विनाऑपरेशन उपचार म्हणजे ‘घरी पडून राहणे’ नव्हे. त्यालाही बूट, वेळापत्रक आणि देखरेख तितकीच लागते.

खरा उपचार इथून पुढे

सुरुवातीला पाऊल खाली झुकलेल्या स्थितीत ठेवतात, म्हणजे तुटलेली टोके जवळ राहतात. मग टाचेखाली पाचरी असलेला बूट घालून हळूहळू वजन देतात आणि पाचरी एकेक करून काढतात. साधारण दोन ते तीन महिन्यांनी बूट सुटतो. नेमक्या इथेच घात होतो. घरात पेढे वाटले जातात, फिजिओथेरपी बंद होते आणि रुग्ण पूर्वीसारखा वावरू लागतो.

कंडरा जुळली असली तरी ती अजून कच्ची असते. पुन्हा तुटण्याचा धोका पहिल्या काही महिन्यांतच जास्त असतो. दुसरा धोका दिसत नाही, पण तो आयुष्यभर पुरतो : कच्ची कंडरा ताणली गेली तर ती लांबट होऊनच भरते. सैल दोरीने ओझे ओढले जात नाही, तशी मग पोटरी कितीही जोर लावो, टाच पूर्ण उचलली जात नाही.

म्हणून ‘पाय आखडलाय, जरा ताणून मोकळा करू’ हा घरगुती सल्ला या काळात घातक ठरतो. भारतीय शौचालयात उकिडवे बसल्याने याच कंडरेवर जबरदस्त ताण येतो. डॉक्टर परवानगी देईपर्यंत कमोड वापरा. ओल्या मोरीत आणि जिन्यावर जपा. घरातही अनवाणी फिरू नका, थोडी उंच टाच असलेली पादत्राणे घाला.

ताणायचे नाही, पण ताकद मात्र कमवायची. आधी खुर्चीत बसून टाचा उचलणे, मग दोन्ही पायांवर उभे राहून, आणि शेवटी फक्त दुखऱ्या पायावर. एका पायावर टाच पुरती उचलता येणे ही माझ्या मते बरे होण्याची खरी परीक्षा आहे. अनेकांना त्यासाठी सहा महिने किंवा अधिक लागतात. धावणे आणि खेळ त्यानंतर. खेळायला नऊ महिने ते वर्षही लागू शकते. डेव्हिड बेकहॅमला ही इजा मार्च २०१० मध्ये झाली आणि जूनमधला विश्वचषक हुकला. उत्तमातले उत्तम उपचार हाताशी असूनही कंडरेला घाई करता आली नाही.

ऑपरेशनसाठी आपण विमा, उसनवारी, सगळे जमवतो. आठवड्यातून दोनदा फिजिओथेरपी म्हटले की ‘घरीच करतो’ म्हणतो. माझी विनंती आहे, की खर्चाचा आणि रजेचा हिशेब मांडताना तिसऱ्या ते सहाव्या महिन्याची तरतूद आधीच करा. आम्हा डॉक्टरांनीही डिस्चार्ज कार्डावर ‘फिजिओथेरपी करावी’ एवढी एकच ओळ लिहून मोकळे होऊ नये. कोणत्या आठवड्यात काय करायचे आणि काय टाळायचे, हे लेखी मिळाले पाहिजे. ते हक्काने मागा.

लगेच डॉक्टरांना गाठा, जर :

- पोटरी एकाएकी सुजली किंवा दुखू लागली. पाय स्थिर असताना रक्ताची गुठळी होऊ शकते.
- धाप लागली किंवा छातीत दुखले. तेव्हा थेट रुग्णालयात जा.
- टाके लाल झाले किंवा त्यातून पू आला.
- पुन्हा ‘फट्’ आवाज झाला किंवा पायातला जोर अचानक गेला.

सिप्रोफ्लॉक्सासिन, लिव्होफ्लॉक्सासिन ही प्रतिजैविके कंडरा कमजोर करू शकतात. मेडिकलमधून ती स्वतःच्या मनाने घेऊ नका. दुसऱ्या आजारासाठी कुणाकडे गेलात, तर ही इजा झाल्याचे आधी सांगा.

बूट निघेल त्या दिवशी आनंद जरूर साजरा करा, पण पुढच्या फिजिओथेरपीची वेळ त्याच दिवशी घेऊन ठेवा.