हात दुखतोय? आधी काम काय करता ते सांगा



मंडईत लसूण विकणाऱ्या एका मावशींची गोष्ट आधी सांगते. नाव लिहीत नाही, त्यांनीच नको म्हटलं. पहाटे माल आणायचा, दिवसभर गिऱ्हाईक करायचं आणि गिऱ्हाईक नसेल तेव्हा लसूण सोलत बसायचं. सोललेला लसूण हॉटेलवाले किलोवर घेतात, त्यामुळे हात रिकामा म्हणून राहतच नाही. या मावशी आमच्या विहारातल्या तपासणीला आल्या त्या बीपी मोजायला. पट्टा बांधताना त्यांचा तळहात वर आला आणि मी थांबले. उजव्या आंगठ्याखालचा मांसाचा उंचवटा बसला होता, तिथे खळगा पडला होता. मी टेबलावरची टाचणी उचलायला सांगितली. तीनदा प्रयत्न केला, उचलली गेली नाही.

विचारल्यावर कळलं, दोन वर्षं झाली. रात्री हाताला मुंग्या येऊन जाग यायची, उठून हात झटकला की बरं वाटायचं. कुणी गॅस म्हटलं, कुणी रक्त कमी म्हटलं. मेडिकलमधून गोळ्या आणून खाल्ल्या. मी जरा रागावूनच म्हटलं, "अहो, एवढे दिवस दाखवलं का नाही?" तर म्हणाल्या, "कष्टाचा हात आहे बाई, दुखणारच."

हे वाक्य मी वस्तीवस्तीत ऐकते. दांडेकर पूल असो, कासेवाडी असो की ताडीवाला रोड. आणि खरं सांगायचं तर दवाखान्याच्या टेबलाच्या पलीकडे बसून मीही तेच बोललेली आहे. नर्सिंगचा डिप्लोमा करून मी नोकरीला लागले, तेव्हा हात दुखतो म्हणून आलेल्या बाईला "काम जरा कमी करा" असं सांगून पाठवायचे. चार घरची भांडी करणारी बाई काम कमी कसं करणार, हे मला कळायला हवं होतं. माझी आई तेच करत होती.

इटलीतले डॉक्टर रामाझिनी यांनी १७०० साली कामगारांच्या आजारांवर पुस्तक लिहिलं. त्यात त्यांनी डॉक्टरांना सांगितलं की रोग्याला नेहमीच्या प्रश्नांबरोबर आणखी एक प्रश्न विचारा, तू काम काय करतोस? सव्वातीनशे वर्षं झाली. आपल्या केसपेपरवर आजही वय असतं, पत्ता असतो, काम क्वचितच असतं. म्हणून डॉक्टरांनी विचारलं नाही तरी आपणच सांगायचं. "हात दुखतो" एवढ्यावर थांबू नका. "मी रोज पाच तास लसूण सोलते", "तीन बिल्डिंगचे जिने पुसते, फडकं पिळते", "गोण्या उचलतो", असं सांगा. निम्मं निदान तिथेच होतं.

मावशींना झालं होतं ते असं. मनगटाच्या आतल्या बाजूला एक अरुंद बोगदा आहे. खाली हाडं, वर जाड पडदा. त्यातून बोटं मिटवणारे नऊ दोर जातात आणि त्यांच्यासोबत एक नस जाते. सतत मनगट वाकवून, चिमटीत जोर लावून काम केलं की दोरांना सूज येते, बोगद्यात जागा उरत नाही आणि नस दबते. डॉक्टर याला कार्पल टनेल म्हणतात. बायकांत हे जास्त दिसतं. गरोदरपणात, साखरेच्या आजारात, थायरॉइड बिघडल्यावरही होतं, म्हणून साखर आणि थायरॉइड तपासायला सांगितलं तर "हाताचं दुखणं आणि रक्त कशाला काढताय" म्हणू नका.

ओळखायची खूण सोपी आहे. मुंग्या आंगठा, पहिलं बोट, मधलं बोट आणि त्याशेजारच्या बोटाची अर्धी बाजू यांत येतात. करंगळी सुटते. रात्री जास्त. घरी एक करून बघा. दोन्ही हातांच्या पाठी एकमेकींना लावून, बोटं जमिनीकडे, मनगटं वाकवून एक मिनिट धरा. तेवढ्यात त्याच बोटांत मुंग्या आल्या तर संशय धरावा.

सुरुवातीला यावर इलाज साधा आहे. रात्री झोपताना मनगट सरळ ठेवणारा पट्टा बांधायचा, सहा-आठ आठवडे, नेमाने. दिवसा काम करताना दर अर्ध्या तासाने हात सोडून बोटं उघड-मीट करायची. यानेच बऱ्याच जणींची रात्रीची झोप परत येते. नाही आली तर मनगटात एक इंजेक्शन देतात. तरीही नाही, किंवा बोटं दिवसरात्र बधिर आहेत, हातातून कप-ताटली निसटते, आंगठ्याखालचं मांस उतरलंय, तर पट्टा बांधून वाट पाहत बसायचं नाही. नसांची तपासणी करायची आणि ऑपरेशनबद्दल बोलायचं. ऑपरेशन लहान असतं, बहुधा हात तेवढा बधिर करून होतं. पण मांस एकदा उतरलं की ऑपरेशननंतरही ते पूर्ण भरेलच असं नाही. मुंग्या जातात, चिमटीतली ताकद जाते ती जाते. उशीर महाग पडतो तो इथे.

आता करंगळीचं. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बधिर होत असेल तर बहुतेक वेळा दुसरी नस कोपराशी दबलेली असते. पण हाताला बधिरपणा आणि सोबत अंगावर फिकट किंवा लालसर चट्टा, ज्यावर स्पर्श कळत नाही, किंवा तव्याचा चटका बसला आणि समजलंच नाही, असं असेल तर कुष्ठरोगाची तपासणी करून घ्या. हा जंतूचा आजार आहे, औषध सरकारी दवाखान्यात फुकट मिळतं, सहा महिने किंवा वर्षभराच्या गोळ्यांनी बरा होतो. मागल्या जन्मीचं पाप वगैरे भाषा आपण घरातून काढली आहे, मग हा आजार लपवायचं कारणही उरत नाही. लपवल्याने बोटं वाकडी होतात.

आंगठ्याच्या मुळाशी, मनगटाच्या कडेला कळ येणं हे बाळंतिणींत फार दिसतं. बाळाला दोन्ही बगलांत आंगठे घालून उचलतो ना, त्याने. कपडे पिळून पिळूनही होतं. आंगठा मुठीत घेऊन मूठ करंगळीकडे झुकवली की जीव जातो असं दुखतं. बाळाला खालून, तळहात आणि हाताच्या आधाराने उचला, आंगठ्यासकट मनगट धरणारा पट्टा काही आठवडे वापरा. आणि घरातल्या पुरुष मंडळींना सांगते, ओल्या चादरी पिळायला तुमचे हात चालतात. विहारात समतेवर भाषण करून घरी आल्यावर बादलीकडेही बघावं.

सकाळी उठल्यावर बोट वाकलेलं अडकतं आणि खटकन उघडतं, हेही साखर असलेल्यांत जास्त. इंजेक्शनने बहुतेकांचं सुटतं. मात्र त्या इंजेक्शनने काही दिवस रक्तातली साखर वाढते, म्हणून डॉक्टरांना आधी सांगा. मनगटावर मऊ-टणक गाठ आली आणि दुखत नसेल तर तिला हात लावू नका. जाड पुस्तक मारून फोडणं, डाग देणं, हे प्रकार मी पाहिलेत. गाठ साधी असते, जखम साधी राहत नाही.

पडण्याबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण मंडईची फरशी कायम ओली, खाली भाजीचा पाला, आणि पडताना माणूस हात टेकतोच. हमाल, गाडीवाले, पोरं सगळेच. आंगठा ताणला की त्याच्या मुळाशी मनगटावर एक खळगी दिसते. पडल्यानंतर त्या खळगीत दाबून दुखत असेल तर आत एक लहान हाड मोडलेलं असू शकतं. हे हाड फसवं आहे. पहिल्या एक्स-रेत मोड कधीकधी दिसत नाही. "एक्स-रे नॉर्मल आहे, मुरगळलंय" म्हणून लोक मलम चोळतात. त्या हाडाला रक्त कमी पोचतं, त्यामुळे वेळेत प्लास्टर झालं नाही तर ते जुळत नाही आणि तरुण हमालाचं मनगट कायमचं जातं. दुखणं राहिलं तर दहा ते चौदा दिवसांनी पुन्हा एक्स-रे काढायला लावा, हट्टाने.

पडलं की पहिलं काम म्हणजे अंगठी आणि बांगड्या काढणं, सूज चढायच्या आत. हाडवैद्याकडे कामट्या बांधून आलेला हात निळा, थंड, बधिर झाला, बोटं सरळ करताना सोसवेना, तर सकाळची वाट न बघता त्याच घडीला पट्टी सोडा आणि कॅज्युअल्टी गाठा.

आता माझी एक चूक. कोयत्याने नारळ सोलताना तळहात कापलेला एक तरुण रात्री आमच्याकडे आला होता. जखम बोटभर. टाके पडले, ड्रेसिंग मी केलं, धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं, घरी पाठवलं. बोट वाकतंय का हे कुणीच पाहिलं नाही, मीसुद्धा. आतला दोर तुटला होता. तो महिन्याने परत आला तेव्हा मधलं बोट सरळच राहिलेलं. त्या दवाखान्याचं नाव लिहून उपयोग नाही, असं कुठेही घडतं. पण तेव्हापासून मी प्रत्येक कापलेल्या हाताला विचारते, एकेक बोट वाकवून दाखव, टोकाला स्पर्श कळतो का सांग. तुम्हीही टाके घालणाऱ्याला हेच विचारा. बोट वाकत नसेल तर हाताच्या सर्जनकडे किंवा प्लास्टिक सर्जरी विभागात त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी. जखमेत हळद, चहापत्ती, चुना भरू नका. स्वच्छ कपडा दाबून धरा आणि हात छातीच्या वर ठेवा. बोट तुटूनच पडलं तर ते ओल्या स्वच्छ फडक्यात गुंडाळून पिशवीत घाला, ती पिशवी बर्फावर ठेवा. बोट थेट बर्फात नको.

बोट सगळं सुजून टम्म, अर्धवट वाकलेलं, आणि सरळ केलं की असह्य कळ, हा पू आत पसरल्याचा इशारा आहे. माशाचा काटा, तार, भाजीतला काटा एवढंसं कारण पुरतं. साखर असेल तर तास मोजायचे, दिवस नाही.

आता तुम्ही म्हणाल, जायचं कुठे आणि कधी? ससूनला हाडांचा विभाग आहे, प्लास्टिक सर्जरी आहे. ऑपरेशन सांगितलं तर पैसे भरण्याआधी रेशनकार्ड-आधार घेऊन आरोग्यमित्राला विचारा की हे महात्मा फुले जन आरोग्य योजनेत बसतं का. पण ओपीडी सकाळची. आणि मंडईचा धंदाही सकाळचा. एक दिवस ओपीडीला म्हणजे एक दिवसाची कमाई आणि आणलेली भाजी, दोन्ही गेलं. आपली माणसं उशिरा येतात ती अडाणीपणाने नाही, या हिशोबाने. बाबासाहेब मजूर मंत्री असताना १९४६ च्या दुरुस्तीने कारखान्यातला आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आला. किलोवर लसूण सोलणाऱ्या बाईला तो आठवडा अजून मिळालेला नाही. तिला सुट्टी घ्यायला सांगण्यापेक्षा दवाखान्याने तिची वेळ पाळावी, हे मला बरोबर वाटतं. आठवड्यातून दोन संध्याकाळी, महापालिकेच्या दवाखान्यात, मंडईच्या आसपास, हात तपासणारा एक डॉक्टर आणि मनगटाचे पट्टे. फार मोठी मागणी नाही. १८८६ ची ही इमारत उभारायला निघाली तेव्हा जोतिरावांनी नगरपालिकेत तिच्या खर्चाला विरोध केला होता, तो पैसा शिक्षणावर लावा म्हणून. आज तिला त्यांचंच नाव आहे. निदान तिथे बसणाऱ्यांच्या हातांवर थोडा खर्च व्हावा. सह्यांचा कागद तयार केला आहे. ज्यांना बधिर बोटांनी पेन धरवत नाही, त्यांचा आंगठा घेतो आहोत.

मावशींचं ऑपरेशन झालं. मुंग्या गेल्या, झोप लागते. टाचणी अजून उचलता येत नाही, सुटे पैसे डाव्या हाताने देतात. परवा मंडईत गेले तर गाळ्यावर मला चहा पाजला आणि म्हणाल्या, रांगेतल्या सगळ्या बायकांना हाताच्या पाठी लावून एक मिनिट धरायला लावलं. चौघींना मुंग्या आल्या. त्या चौघींची नावं त्यांनी कागदावर लिहून घेतली होती, नातवाकडून.